अब्बांचे हात

मी आठवीत असताना माझे अब्बा वारले. मालेगावात ते यंत्रमाग चालवत. घरी माणसांची ये-जा असे. पण मला कोणाशीच बोलावेसे वाटत नसे. रात्री झोपही येत नसे.

आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला एक वही दिली. "बोलायचे नसेल तर बोलू नकोस. चित्र काढ," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी मेक्सिकोच्या फ्रीडा काहलोची गोष्ट सांगितली. १९२५ साली बसच्या अपघातात ती जबर जखमी झाली आणि अंथरुणाला खिळली. तिला निजल्या निजल्या चित्र काढता यावे म्हणून आईने खास चौकट बनवून घेतली, वर आरसा लावला. त्यात पाहून ती स्वतःचाच चेहरा रंगवू लागली. तिच्या वेदना काही गेल्या नाहीत; त्या जन्मभर सोबत राहिल्या. पण ती रंगवत राहिली.

माझ्यापाशी आठवणी होत्या. मी अब्बांचे हात काढू लागलो. तुटलेला धागा जोडणारी बोटे, नखांत बसलेले काळे तेल. हात काढणे भलतेच अवघड! एकेका बोटासाठी तासभर नीट आठवावे लागे, आणि तेवढा वेळ रडू येत नसे. चेहरा मात्र कितीतरी दिवस काढवेना.

एके दिवशी अम्मीने वही उघडली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उजव्या अंगठ्यावर व्रण होता रे. तो राहिला."

मी पेन्सिल तिच्या हाती दिली.