पिशवी काढली, पाळी गेली. पण हृदयाचं काय?

मांजरसुंब्याच्या चौकातून सोलापूरचा रस्ताही जातो आणि पाटोदा-केजचाही. त्यामुळे दवाखान्यात आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका येतात. त्यातल्या बऱ्याच जणी ऊसतोडीला जाणाऱ्या असतात. चाळिशीतल्या बाईला मी विचारतो, "ताई, पाळी नियमित येते का?" ठरलेलं उत्तर येतं, "नाही डॉक्टर, माझी पिशवी काढलीय." कधी? "झाली की धा-बारा वर्षं."

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. खाडा पडला तर पैसे कापले जातात, फडात आडोसा नाही, पाणी नाही, अंगावरून पांढरं जातंय आणि मनात कॅन्सरची भीती. ही कारणं तेव्हा पुष्कळ लिहिली गेली. मला लिहायचंय ते त्यापुढचं. या बायका आता पस्तिशी-पंचेचाळिशीत आहेत आणि त्यांच्या हृदयाबद्दल त्यांच्याशी क्वचितच कोणी बोललेलं असतं.

पाळीचा आणि हृदयाचा संबंध काय?

बीजांडकोश, म्हणजे ओव्हरी, इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार करतात. हे हार्मोन पाळीपुरतं नसतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याच्या कामात ते यकृताला मदत करतं. रक्तवाहिन्या लवचिक ठेवायलाही त्याचा हातभार असतो. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन उतरतं आणि एलडीएल चढतं. शेवटच्या पाळीच्या आगेमागे साधारण वर्षभरात ही वाढ सगळ्यात ठळक दिसते, असं अमेरिकेत स्त्रियांवर वर्षानुवर्षं चाललेल्या 'स्वॅन' अभ्यासात आढळलं. त्याच काळात पोटावर चरबी साठते, बीपी आणि साखरही वाढू लागते.

भारतीय बाईची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. पाश्चात्त्य देशांत हेच वय 51 च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे हे संरक्षण मुळातच लवकर संपतं. चाळिशीच्या आत पाळी गेली तर हृदयविकाराचा धोका वाढवणारी गोष्ट म्हणून डॉक्टरांनी तिची वेगळी नोंद घ्यायची असते.

नुसती पिशवी काढली, की ओव्हरीसुद्धा?

हा प्रश्न प्रत्येकीने विचारायला हवा. नुसती पिशवी काढली असेल तर पाळी थांबते, पण ओव्हरी काम करत राहतात. मात्र त्या नेहमीपेक्षा काही वर्षं आधी थकू शकतात. पाळीच नसल्याने त्या कधी थकल्या ते कळत नाही. दोन्ही ओव्हरी काढल्या असतील तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच खाली येतं. निसर्ग जे काम हळूहळू काही वर्षांत करतो, ते एका ऑपरेशनमध्ये होतं.

डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर 'बीएसओ' किंवा 'ऊफोरेक्टॉमी' असं लिहिलं असेल तर ओव्हरी काढलेल्या आहेत. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत बऱ्याचदा अंदाज येतो.

"मी एवढी राबते, मला कसला अटॅक?"

अशीच एक बाई मागच्या पावसाळ्यात आली होती. वय 41, अंगाने काटकुळी, तिसाव्या वर्षी पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढलेल्या. तक्रार एवढीच की मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना आता दम लागतो आणि जबड्याखाली आवळल्यासारखं होतं. ती याला गॅस समजत होती आणि मेडिकलमधून गोळी घेत होती. बीपी 150/94. कोलेस्टेरॉल 248, एलडीएल 168, चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, फक्त 38, ट्रायग्लिसराइड 210. दिवसातून तीन-चार वेळा मिशरी.

"तेलकट तर आम्हाला मिळतच नाही," ती म्हणाली. तिचं खरं होतं. पण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. ते किती बनणार आणि किती उचललं जाणार हे आनुवंशिकता आणि हार्मोन्सवरही ठरतं. बारीक अंग आणि कष्टाचं काम म्हणजे कोलेस्टेरॉल नीट असेलच असं नाही. कष्ट हृदयाला चांगलेच, पण मिशरीतला तंबाखू आणि वाढलेलं बीपी ते भरून काढू शकत नाहीत. 'मी सिगारेट थोडीच ओढते' असं म्हणणाऱ्या मावशींनी हे ध्यानात घ्यावं. मिशरी हा तंबाखूच आहे.

तिला मी पुढच्या तपासणीसाठी अंबाजोगाईला पाठवलं. नंतर बीपीची आणि स्टॅटिनची गोळी सुरू झाली. मिशरी सुटायला चार महिने लागले.

बायकांची लक्षणं

छातीत दुखणं हे बायकांमध्येही मुख्य लक्षण आहे. पण त्यासोबत किंवा त्याऐवजी दम लागणं, जबडा, पाठ किंवा खांदा दुखणं, मळमळ, घाम, न सोसणारा थकवा असंही होतं. चालताना किंवा वजन उचलताना त्रास होतो आणि बसल्यावर थांबतो, तर तो गॅस समजू नका. बसूनही थांबत नसेल तर 108 ला फोन करा. कोलेस्टेरॉल वाढल्याचं मात्र कोणतंच लक्षण नसतं. ते तपासल्याशिवाय कळत नाही.

काय करायचं?

1. पाळी गेली असेल किंवा पिशवी काढली असेल, तर वय काहीही असो, बीपी, साखर आणि लिपिड प्रोफाइल तपासा. लिपिडसाठी दरवेळी उपाशीपोटी यावं लागत नाही.

2. एलडीएल साधारण 100 च्या आत असावं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर त्याहून कमी ठेवायला सांगतात.

3. 45 च्या आत ओव्हरी काढल्या असतील तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत त्या सहसा दिल्या जातात. ज्यांची पाळी योग्य वयात गेली, त्यांनी मात्र केवळ हृदयासाठी त्या घेऊ नयेत.

4. ज्वारीची भाकरी, मटकी-हुलगे, पालेभाजी हे आपलं जेवण उत्तमच आहे. सोडायचं ते डालडा, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी आणि वरून घेतलेलं मीठ. 'कोलेस्टेरॉल फ्री' अशी चिठ्ठी पाहून तेलाला जास्त पैसे मोजू नका, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच.

5. गोळी सुरू झाली की रिपोर्ट चांगला आला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

आणि घरच्या पुरुषांना एक विनंती. उचल घेताना कोयता म्हणून नवरा-बायको दोघांचा हिशोब होतो. तपासणी मात्र बहुतेक वेळा नवऱ्याचीच झालेली असते. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, पुढचे पाच-सहा महिने दवाखाना सापडणं अवघड. त्याआधी एक दिवस काढा, बायकोचं जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या आणि जाताना गोळ्या हंगाम संपेपर्यंत पुरतील एवढ्या बांधून न्या.