काखेतला कळसा

काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणीत बाईचा उल्लेखही नाही, पण कळसा काखेला लावून निघणारी बाईच असणार. आणि तो कळसा रिकामाच असणार. भरलेला असता तर कंबरेला ओझं कळलं असतं, एखादा हिंदकळा तरी अंगावर आला असता. रिकाम्याचा विसर पडतो. मग तिला हसायचं कशाला?

18 जानेवारी 1982 ला अंटार्क्टिकात, ॲलन हिल्सजवळच्या बर्फावर जॉन शूट आणि इयन व्हिलन्स यांना एक दगड मिळाला. लिंबाएवढा, 31.4 ग्रॅम. बाहेरून हिरवट-तपकिरी कवच, आत काळपट चुऱ्यात रुतलेले पांढरे खडे. अशनींचे अभ्यासक ब्रायन मेसन यांनी त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि नोंदवलं, की यातले काही तुकडे चंद्रावरच्या ॲनॉर्थोसाइट खडकासारखे दिसतात. दिसतात, एवढंच. पुढे ऑक्सिजनची समस्थानिकं तपासली, लोहाचं मँगनीजशी असलेलं प्रमाण मोजलं. लघुग्रहांवरून येणाऱ्या, दिसायला जवळच्या अशनींपेक्षा ते जवळजवळ दुप्पट निघालं. चंद्राच्या खडकांशी मात्र जुळलं.

पण ते जुळवून पाहायला चंद्राचे खडक हाताशी होते, कारण अपोलोच्या सहा मोहिमांनी तिथून 382 किलो माल आणला होता. म्हणजे आधी वळसा, मग कळशाची ओळख. चंद्र स्वतःच्या पायांनी इथे आला होता, पण तिथे जाऊन आल्याखेरीज त्याला कुणी ओळखलं नसतं. त्या बाईची बाजू इथे भक्कम होते, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात जपान आठवला. त्यांच्या मोहिमेला 1979 मध्येच अंटार्क्टिकातल्याच यामातो पर्वताजवळ असा एक दगड मिळाला होता. यामातो 791197. तो संग्रहात क्रमांक लावून पडून होता. तेव्हा अपोलोचे खडक जगात होतेच, वळसा कधीच पुरा झाला होता, तरी तो चंद्राचा आहे हे ॲलन हिल्सच्या दगडानंतरच उमगलं. आता बाईची बाजू कशी घ्यावी? की एक कळसा सापडल्याशिवाय दुसरा दिसतच नाही? आणि आज आणखी कुठल्या खोक्यात काय क्रमांक लावून ठेवलंय, या विचारानं तर म्हणीचा धागाच हातून सुटतो.

ॲलन हिल्सचा तो दगड चंद्रावरच्या नेमक्या कुठल्या विवरातून उडाला, ते मात्र अजून ठरलेलं नाही.