पिपेटमधला शेवटचा थेंब

धार जिल्ह्यातल्या कितीतरी हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने युनिसेफबरोबर धार-झाबुआत त्यावर काम केलंय. मी धारच्या मराठी घरातली. सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. राजगढ-मोहनखेडा बाजूचे नमुने प्लॅस्टिकच्या बाटल्यांतूनच मागवायचे, कारण फ्लोराइडचं पाणी काचेत साठवत नाहीत. मोजायचं मात्र काचेनेच.

पिपेट आधी त्याच नमुन्याने खळबळून घ्यायचं. मग रबरी फुग्याने पाणी खुणेच्या वर चढवायचं आणि थेंबाथेंबाने खाली आणायचं. पाण्याचा खोलगट तळ खुणेला टेकला की थांबायचं. काचेभोवतीच्या वळ्याची पुढची रेघ मागच्या रेघेवर बसली, की डोळा बरोबर पातळीत आहे असं समजावं. टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवून पाणी आपलं आपण उतरू द्यायचं. टोकात जरासं उरतं, ते तिथंच राहू द्यायचं. ते वगळूनच खूण घातलेली असते. नवी पोरं हमखास फुंकर मारतात.

जुनी माणसं तोंडाने ओढायची. मला ते कधीच पटलं नाही. नळाचं पाणी असलं तर क्लोरीन घालवायला त्यात सोडियम आर्सेनाइट टाकावं लागतं, म्हणजे चक्क सोमलाचा क्षार!

पुढचं काम रंगाचं. ५० मिलिलिटर नमुन्यात १० मिलिलिटर लाल द्रावण घालायचं. फ्लोराइड जितकं जास्त तितका लाल रंग फिका. काचेवर २७ अंश छापलेलं असतं आणि मे महिन्यात आमची खोली तापलेली, म्हणून नमुने आणि प्रमाण द्रावणं एका तापमानाला आल्याशिवाय रंग मोजायच्या यंत्राला हात लावायचा नाही. ही पद्धत लिटरला १.४ मिलिग्रॅमपर्यंतच चालते. त्यापुढचं पाणी २५ मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने ५० करायचं, आलेला आकडा दुप्पट करायचा.

तिथे २५ ऐवजी साडेचोवीस गेलं, की १.५२ चं १.४९ होतं. कमाल मर्यादा १.५. एवढ्यावरून हातपंपाला ‘पिऊ नका’ सांगणारा लाल रंग लागतो किंवा लागत नाही. खरं तर पद्धतीतली चूकही याहून मोठी असू शकते. म्हणून काठावरचा नमुना मी दोनदा करायची आणि वहीत दोन्ही आकडे लिहायची. एकच लिहा, असं वरून सांगत. मी म्हणायची, सरासरी तुमच्या अहवालात काढा, वहीत दोन्ही राहतील.