आजोबांचा रंधा

सुताराला लाकूड गुळगुळीत करताना तुम्ही पाहिले असेल. त्याच्या हातातील हत्याराला मराठीत रंधा म्हणतात. तुम्ही घरी रंदा म्हणत असाल. शब्द एकच आहे. तो फारसीतून आला आणि उर्दूत व मराठीत, दोन्हीकडे राहिला.

माझे आजोबा सुतार होते. त्यांचा लोखंडी रंधा आमच्याकडे आहे. अशा रंध्याची रचना अमेरिकेतील लेनर्ड बेली या कारागिराची. १८६९ साली स्टॅन्ली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. पुढे असे रंधे देशोदेशी गेले. आजोबांच्या रंध्यावर ‘मेड इन इंग्लंड’ अशी अक्षरे आहेत.

या रंध्याचे पाते मात्र संपले होते. दर वेळी धार लावताना पाते थोडे झिजते. झिजत झिजत धार मधल्या लांबट भोकाजवळ आली होती. पावसाळ्यात आमचे दार फुगून अडू लागले, तेव्हा मी नवे पाते आणले. रुंदी बरोबर दोन इंच होती. पण जुने पाते दोन मिलिमीटर जाड आणि हे तीन! रंध्याच्या तळाच्या फटीतून ते बाहेर येईना.

“कानशीने फट मोठी करा,” दुकानदार म्हणाला. मला ते पटेना. पाते पुन्हा विकत मिळते. आजोबांचा रंधा कुठे मिळणार?

मी रंधा घेऊन मिस्त्रीचाचांकडे गेलो. ते आजोबांच्या हाताखाली शिकले होते. त्यांनी कानस बाजूला ठेवली. “बेटा, घासलेले लोखंड परत येत नाही. आधी जे सरकते ते सरकवून बघ,” ते म्हणाले.

पाते ज्या उतरत्या बैठकीवर टेकते, तिला इंग्रजीत ‘फ्रॉग’ म्हणजे बेडूक म्हणतात. हा बेडूक दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. आजोबांनी बारीक कामासाठी तो पुढे ठेवला होता. चाचांनी स्क्रू सैल केले, बेडूक किंचित मागे घेतला आणि पाते फटीतून सहज खाली आले.

काम एवढ्यावर संपले नाही. नव्या पात्यालाही धार लावावी लागते. चाचांनी मला आधी त्याची पाठ तेलाच्या दगडावर सपाट करायला लावली. पाठ सपाट नसेल तर धार नीट लागत नाही. अर्ध्या तासात माझी बोटे काळी झाली. मग पात्याची उतरती बाजू खाली ठेवून त्यावर लोखंडी पट्टी कसली. पट्टीची कड धारेपासून जेमतेम एक मिलिमीटर मागे हवी. ती फार मागे गेली, तर आडव्यातिडव्या रेषांचे लाकूड उखडते. शेवटी चाचांनी रंधा उलटा करून डोळ्यांसमोर धरला. तळावर पाते केसासारखे, दोन्हीकडे सारखे दिसेपर्यंत ते मागचा दांडा हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दार बिजागरीतून काढले आणि कड रंधली. कुरळी सालपटे इतकी पातळ निघाली की त्यांतून उजेड दिसत होता.

रात्री अब्बांनी दार एका बोटाने लावले. मग उघडले आणि पुन्हा लावले.