बाकीचं मैयाचं

मुंबईकडे निघालेल्या गाडीतून करजण दिसतं ते एवढंच, की मियागाम-करजण नावाचं एक स्टेशन मागे पडतं. आम्हा बडोद्याच्या मराठी घरांत मात्र करजण म्हटलं की लगेच तोंडी येतं ते नारेश्वर. याच तालुक्यातलं, नर्मदेच्या उत्तर तीरावरचं, रंग अवधूत महाराजांचं ठिकाण. आमच्या घरी दर गुरुवारी दत्तबावनी व्हायची. बावन्न ओळींची ही गुजराती प्रार्थना महाराजांनी १९३५ साली रचली. ते मूळचे कोकणातले, देवळ्याचे वळामे. जन्म १८९८चा, गोध्र्यातला.

गेल्या वर्षी आमच्या यजमानांच्या ऑपरेशनचं ठरत होतं. दोन डॉक्टरांची दोन मतं, फायलींचा ढीग, रात्री दोन वाजता मोबाईलवर रोगाची माहिती वाचत बसलेली मी. अंगावर घेतलेलं काम तडीस न्यायचं, हा माझा पहिल्यापासूनचा हट्ट. नणंद म्हणाली, "वहिनी, आता देवावर सोडा." मला रागच आला. सोडा म्हणजे नेमकं काय करा? फायली घाटावर ठेवून येऊ?

नारेश्वरला गेले ती अशी, थोडी भांडायच्याच तयारीत.

तिथे तो कडुनिंब आहे. महाराज १९२५ साली आले तेव्हा हे रान होतं, आसपासच्या गावांचं मसण. त्यांनी या झाडाखाली आसन मांडलं. पुढे झाडाचा कडूपणा गेला, असं भक्त सांगतात. त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही, पण माझं मन अडलं ते त्याआधीच्या वर्षांपाशी. वडील लहानपणीच गेलेले. घरात आई आणि धाकटा भाऊ. ओढ सगळी दत्ताकडे. आठ वर्षांच्या आसपास नरसोबाच्या वाडीला टेंबेस्वामींचं दर्शन झालं, तेव्हापासूनची. तरीही हा मुलगा शिकला, असहकाराच्या दिवसांत अहमदाबादला राष्ट्रीय शाळेत मास्तरकी केली आणि भाऊ मिळवता होईपर्यंत घरचा भार वाहिला. मगच निघाला. पुढे आईही नारेश्वरी येऊन राहिली. तिचं स्मारक तिथेच आहे. आधी जबाबदारी टाकून पळाला असता, तर त्याच्या भरवशाला मी तरी हात जोडले नसते.

घाटावर एक परिक्रमावासी बाई पाय धूत बसल्या होत्या. सांगलीकडच्या, साठीच्या पुढच्या. शेजारी काठी, पाठीवरची पिशवी आणि नर्मदाजलाची छोटी बाटली. ती मात्र जमिनीवर नव्हती, घडी घातलेल्या पंचावर नीट ठेवलेली. टाचेला चिकटपट्टी. मी विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

"वाटते की. संध्याकाळ झाली की रोज वाटते. आज कुठं टेकायचं, कोण सदावर्त देणार, कायबी ठावं नसतं."

"मग?"

"मग काय, चालायचं. पाय माझं, बाकीचं मैयाचं." आणि लगेच, "तुमच्याकडं कैलासजीवन आहे का हो?"

नशिबाने पर्समध्ये होतं.

त्या बाईंच्या भरवशात भीतीला जागा होती, हे मला फार बरं वाटलं. शंका गेली की मग विश्वास ठेवू, असं मी धरून बसले होते. त्यांचं उलट होतं: शंका सोबत घेऊनच त्या रोज पुढचा मुक्काम गाठत होत्या, आणि टाचेला पट्टीही लावत होत्या.

पण मैया सगळ्यांचं भलंच करते, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवराचे दरवाजे उघडले आणि खाली भरूच-अंकलेश्वरपर्यंत घराघरांत पाणी शिरलं. ज्यांचे संसार भिजले तेही 'नर्मदे हर' म्हणणारेच होते. तेव्हा देव माझ्या मनासारखं करील, या बोलीवर टाकलेला भार म्हणजे निव्वळ सौदा. बाईंनी मैयाकडे मुक्कामाची हमी मागितली नव्हती.

घरी येऊन मी एका डॉक्टरांना होकार कळवला. धाकधूक होतीच. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसून दत्तबावनी म्हटली, मध्ये दोनदा ओळ चुकली, पुन्हा पहिल्यापासून धरली. मोबाईल मात्र बंद ठेवला. आतलं काम माझं नव्हतं.

करजणला उतरलात तर नारेश्वरला जरूर जाऊन या. फक्त डॉक्टरांची तारीख चुकवून जाऊ नका.