वायरीचा न्याय

गेल्या रविवारी सकाळी आमच्या घरात एक खटला उभा राहिला. फिर्यादी आमचे चिरंजीव, आरोपी आमचा १० वर्षांचा नातू, आणि वादाचा विषय टीव्हीखाली ठेवलेली व्हिडिओ गेमची काळी पेटी. शनिवारी दुपारपर्यंत सुरळीत चालणारी ही पेटी आता बटण कितीही दाबले तरी हूं की चूं करीना. 'तूच पाडलीस,' हे चिरंजीवांचे म्हणणे. 'मी हातसुद्धा लावला नाही,' हे नातवाचे.

आम्ही ३६ वर्षे शाळेत घालविलेली. बोलताना जो मुलगा खाली पाहतो तो खोटे बोलतो, हे आमचे जुने अनुमान; आणि नातू खालीच पाहत होता. आम्ही गंभीर मुद्रेने म्हणालो, "बाळ, खरं सांग. खरं बोलणाऱ्याला शिक्षा होत नाही." त्यावर त्याला रडू कोसळले. महिनाभर खेळ बंद, असा निकाल लागला.

दुपारी वाढता वाढता सूनबाईंनी विचारले, "बाबा, तो खोटं बोलतोय हे कशावरून ठरवलंत?" तर्कसंग्रह पाठ केलेल्या माणसास हा प्रश्न झोंबणारच. धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हा अन्वय. अग्नी नाही तेथे धूर नाही, जसा जलाशय, हा व्यतिरेक. दोन्हींची परीक्षा केल्यावाचून कारण ठरवू नये, असे आम्हीच सर्वांस सांगत आलो. तेव्हा जेवणानंतर आम्ही पेटीपुढे बैठक मारली.

आमच्या अभियंता पुतण्याने फोनवरून वाट दाखविली. दिवा लागतो पण चित्र येत नाही, तर दोष टीव्हीत किंवा त्याच्या जोडणीत शोधावा. दिवाच लागत नाही, तर विजेचा माग काढावा. आमचा प्रकार दुसरा. त्या खाचेत आम्ही टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो लागला. मधला एक्स्टेन्शन बोर्ड वगळून पेटी थेट भिंतीतील खाचेस जोडली, व्यर्थ. घरातील २३० व्होल्टांची वीज पेटीतील पुरवठा-विभाग कमी दाबाच्या विजेत बदलतो. दाब एकाएकी चढला तर तो विभाग कधी कधी आत्मरक्षणार्थ बंद पडतो, आणि वायर काढून काही वेळ थांबल्यास पुन्हा जागा होतो. आम्ही १५ मिनिटे थांबलो, तरी मौन. "पण काका, पेटी उघडू नका," पुतण्याने बजावले, "वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत वीज साठून राहते, जोराचा झटका बसेल."

राहिली वायर. तिचे टोक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे. अगदी तसलीच वायर आमच्या रेडिओला आहे. पेटीची वायर रेडिओस लावली, रेडिओ मुका. रेडिओची वायर पेटीस लावली, दिवा लागला! अन्वय सिद्ध झाला, व्यतिरेकही सिद्ध झाला. वायर आतून तुटलेली होती.

आणि त्याच क्षणी आमचा हात थबकला. शनिवारी सायंकाळी आमचा रेडिओ बोलता बोलता बंद पडत होता. तेव्हा पेटीची वायर काढून ती रेडिओस लावणारे आणि रेडिओची जुनी वायर पेटीस जोडून निर्धास्त गाणी ऐकत बसणारे आम्हीच! नातवाने खरोखरच हात लावला नव्हता.

रात्री सर्व मंडळी जेवावयास बसली असता आम्ही घडले ते सांगितले. सांगताना आमची दृष्टी ताटावरून वर येईना. तेव्हा ध्यानी आले की, खरे बोलणाराही खाली पाहतो. मग वर्गात आम्ही ज्यांना उभे केले, छडी दाखविली, त्या खाली पाहणाऱ्या मुलांपैकी किती जण निरपराध असतील? त्यांची परीक्षा घेण्यास आता कोणतीही खाच उरलेली नाही.

चिरंजीवांनी निकाल मागे घेतला. नातू मात्र आमच्याकडे टक लावून पाहत होता. शेवटी म्हणाला, "आजोबा, खरं बोलणाऱ्याला शिक्षा होत नाही ना?" आम्ही त्याच्या भातावर आणखी तूप वाढले.

चांगली वायर पेटीस परत गेली आहे. रेडिओ मुकाच आहे.