सातबाऱ्यावरचं नाव

इंग्लंडमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता आणि नोकरीचा व्हिसा. मी कुठल्या देशाची, यावरून व्यवहार कुठेच अडला नाही. सॉलिसिटरबाईंनी पैसे कुठून आले हे खोदून खोदून विचारलं, बँकेची पानं मागितली, आणि सगळं जुळल्यावर सरकारी दप्तरात माझं नाव चढलं. त्या देशात परक्यालाही घर घेता येतं. 1 एप्रिल 2021पासून देशाबाहेर राहणाऱ्याला घरखरेदीवर दोन टक्के जास्त कर बसतो, पण तोही राहण्यावर ठरतो, नागरिकत्वावर नाही. मात्र घर माझं असलं तरी खालची जमीन माझी नाही. मी 125 वर्षांच्या पट्ट्याची धनीण. जुन्या पट्ट्यांवर जमीनमालकाला दरसाल भुईभाडं जातं. 30 जून 2022पासून बहुतेक नव्या पट्ट्यांवर हे भाडं वर्षाला मिरीच्या एका दाण्याहून जास्त घेता येत नाही, असं तिथल्या कायद्यातच लिहिलेलं आहे. ते वाचलं आणि मन थेट दापोली तालुक्यातल्या आमच्या आगरात गेलं.

तिथे मिरी पोफळींच्या अंगाखांद्यावर वाढते. घोसातला एखादा हिरवा दाणा लाल दिसू लागला की काकू शिडी लावायला सांगते. काढलेली मिरी खळ्यात पसरली जाते आणि उन्हं खात खात काळी, सुरकुतलेली होते. तिचा वास आधी पायरीवर येतो, मग ओसरीवर, मग माजघरातल्या कपड्यांनाही लागतो. आगरात भर दुपारीसुद्धा ऊन सरळ खाली उतरत नाही. झावळ्यांतून गाळून येतं आणि पाटाच्या पाण्यावर हलत राहतं. शिपणं चालू असलं की ओल्या मातीतून गारवा वर येतो, तळव्यांना लागतो, पोटऱ्यांपर्यंत चढतो. लहानपणी वडिलांच्या मागून या पाटाच्या कडेने चालताना मला वाटे, जगातली सगळी जमीन अशीच असते: सावलीची, ओली आणि कुणीतरी रोज हात लावलेली.

काही वर्षांपूर्वी गडग्यापलीकडचं आगर विकायला निघालं. ते कुटुंब कधीचंच मुंबईला गेलेलं, नारळ पडून फुटत होते. मला ते घ्यावंसं वाटलं. इंग्लंडमधल्या पगारातून साठवलेले पैसे याहून चांगल्या कामी लागणार नाहीत, असं मनाने घेतलं. तोवर मी ब्रिटिश नागरिक झाले होते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही; भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, आणि हवं तर ओसीआय कार्ड घेता येतं, तसं घेतलं होतं. दापोलीच्या वकिलांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "ताई, फ्लॅट घ्या, दुकान घ्या, बिनशेती प्लॉट घ्या. एक घ्या, चार घ्या, कुणाची परवानगी लागत नाही. फक्त पैसे बँकेतून आले पाहिजेत. आगर मात्र तुम्हाला विकत घेता येणार नाही."

मला वाटलं, पासपोर्ट बदलला म्हणून. ते म्हणाले, नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात राहणाऱ्यालाही शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. परकीय चलनाचा 1999चा कायदा, म्हणजे फेमा, तुम्ही राहता कुठे हे आधी पाहतो. नोकरीसाठी देश सोडला त्या दिवशीच ती वाट बंद झाली. महाराष्ट्रात तर जो शेतकरी नाही त्या पुण्या-मुंबईच्या माणसालाही शेतजमीन सहजी घेता येत नाही. 1948च्या कूळकायद्याचं 63वं कलम आडवं येतं.

"पण वारसाने आली तर ठेवता येते," वकील म्हणाले.

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. माझ्या पैशाला जी जमीन मिळत नाही, ती माझ्या नात्याला मिळते. बापाची, आजीची, काकाची लेक म्हणून मी त्या मातीची धनीण होऊ शकते. खातं भरलेलं आहे म्हणून नाही. आधी हे टोचलं. गावातल्या एकदोघांनी आपुलकीने सुचवलंही, "भावाच्या नावावर घे गो, कोण विचारतंय?" मी ते केलं नाही. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, ही बेनामी. फेमा मोडला तर गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. आणि दंडाहून मोठं म्हणजे, भावाच्या मुलांसाठी असा गुंता मागे ठेवायची मला इच्छा नव्हती.

आज मला हा कायदा योग्य वाटतो. मुंबई-गोवा महामार्गावरून येताना डोंगर कापून समुद्र दिसणारे प्लॉट पाडलेले दिसतात. जांभ्याचा लालभडक माथा उघडा पडलेला असतो, पावसाळ्यात त्याची माती खालच्या भातखाचरात उतरते. पौंडांनी आणि डॉलरांनी आगरंही अशीच उचलता आली असती तर दापोलीच्या शेतकऱ्याने कुणाशी बोली लावायची होती? गडग्यापलीकडचं आगर अखेर गावातल्याच एका जोडप्याने घेतलं. ती दोघं रोज पहाटे शिपणं करतात. मी विकत घेतलं असतं तर गडी ठेवून, वर्षातून एकदा येऊन पाहिलं असतं. जमिनीला तेवढं पुरत नाही.

वडील गेल्यावर मी पहिल्यांदा आमचा सातबारा नीट वाचला. कोकणातला सातबारा वाचणं म्हणजे घराण्यातून हिंडणं. गुंठे थोडे आणि नावं पुष्कळ. पणजोबा अजून तिथे होते. एका काकांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं लिहिलेलं, आणि त्या तीन अक्षरांआड त्यांची सगळी भावंडं झाकलेली. आत्या तर एकही नव्हती. माझ्या वडिलांना तीन बहिणी. तिघींनी याच पाटावर कपडे धुतले, याच पोफळींखाली सुपाऱ्या वेचल्या. कागदावर त्या कधी जन्मल्याच नव्हत्या.

महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मसिद्ध हक्क 1994मध्ये दिला, देशाने 2005मध्ये. 11 ऑगस्ट 2020ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 2005मध्ये वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला आहे. तरी गावोगाव हक्कसोडपत्रं होतातच. परदेशी राहणाऱ्या बहिणीकडे तर आणखी सहज सही मागितली जाते: तुला तिकडे काय कमी आहे? ज्या बहिणीला खरंच मोकळं व्हायचं असेल तिने जरूर सही करावी. पण तिचं लांब राहणं हे सही मागण्याचं कारण होऊ शकत नाही. लांब राहणारीला वारसाची हीच एक वाट उरलेली असते. सोडलेला हिस्सा तिला उद्या कितीही पैसे मोजून परत विकत घेता येणार नाही.

आमच्याकडे हे भांडणाविना झालं, त्याचं श्रेय काकूला. तिने सगळ्यांना ओसरीवर बसवून वंशावळ सांगितली आणि चुलतभावाने ती लिहून काढली. लग्न होऊन गेलेल्या, लहानपणी दगावलेल्या, मुंबईच्या चाळीत संपलेल्या, सगळ्यांची नावं तिच्या ओठावर. मला म्हणाली, "बाय, कागद तिकडून धाडशील ना गो?" मी धाडले. कुलमुखत्यारपत्रावर लंडनहून ॲपोस्टिल करून घेतलं. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लागतो, तो भावाने लावला. फेरफार मंजूर झाला तेव्हा सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी होतो, आणि वरच्या पिढीत तिन्ही आत्या.

माझी लेक रेडिंगला जन्मली. कायद्याने माझा हिस्सा वारसाने तिच्याकडे जाऊ शकतो, आणि पुढे विकायचाच झाला तर तो भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावा लागेल. पण आपली हद्द कोणत्या फणसापाशी वळते, पाटाचं पाणी आधी कुणाच्या आगरात जातं, हे सातबाऱ्यात नसतं. म्हणून मे महिन्यात ती काकूबरोबर हद्दीवरून चालते आणि वहीत लिहून घेते. मराठी अडखळत लिहिते, पण लिहिते.

परदेशातून गावी जमीन शोधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्लॉटच्या जाहिराती पाहण्याआधी आपल्या आजोबांचा सातबारा काढा. तिथे गेलेल्या माणसांची नावं असतील तर वारसनोंद करून घ्या. 2025मध्ये राज्य सरकारने त्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीमही काढली आहे. मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचा असतो. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन जा. त्या वंशावळीत बहिणी आणि आत्या लिहा, आणि ती सांगणारं माणूस हयात आहे तोवरच लिहा.